मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हातात येणारा प्रश्नांचा कागद

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की तपासण्या सुरू होतात. चष्म्याचा नंबर काढला जातो, डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते, आत बसवायच्या लेन्सची पॉवर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजली जाते. अनेक देशांतल्या दवाखान्यांत या सगळ्याच्या जोडीला एक कागदही हातात येतो. त्यावरचे प्रश्न अगदी साधे असतात. वर्तमानपत्र वाचताना किती अडचण येते? समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखता येतो का? खडबडीत जमिनीवर चालताना पाय कुठे पडतोय ते दिसतं का?

एवढी यंत्रं झाल्यावर हा कागद निव्वळ औपचारिकता वाटतो. बरेच जण तो घाईघाईने भरून परत देतात, आणि कित्येकदा तो फाइलमध्ये लागतो तो कुणीही न वाचता. मला याचं वाईट वाटतं. ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, आणि केल्यावर माणसाला खरोखर फायदा झाला का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यंत्रं एकटी देऊ शकत नाहीत. त्या उत्तरांचा मोठा भाग या कागदात असतो. तो कसा तयार होतो, त्यावरचे आकडे कसे वाचायचे आणि तो भरताना चूक कुठे होते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

तक्त्याला काय कळतं

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधले नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगभर नजर 6/6, 6/9, 6/12 अशा भाषेत सांगितली जाते. 6/12 म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर 12 मीटरवरून ओळखता येतं, त्यासाठी या डोळ्याला 6 मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. हे माप झटपट घेता येतं, सगळ्यांना समजतं, आणि त्याशिवाय डोळ्यांच्या दवाखान्याचं पान हलत नाही.

पण ते कोणत्या परिस्थितीत घेतलं जातं ते बघा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद काळी अक्षरं. डोळ्यांवर कुठूनही प्रकाशाचा झोत नाही. माणूस खुर्चीत स्थिर बसलेला, अक्षरंही स्थिर. एक डोळा झाकलेला. ओळखायला हवा तेवढा वेळ. खऱ्या आयुष्यात या अटी एकत्र कधीच जुळून येत नाहीत. पायरीची कड आणि तिच्याखालची पायरी बहुतेक वेळा एकाच रंगाची असते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत येतात. खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा सावलीत असतो. आणि आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून, चालता-बोलता बघत असतो.

मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. गढूळ भिंग प्रकाश थोडा अडवतं, आणि बराचसा इकडेतिकडे विखुरतं. हा विखुरलेला प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर सगळीकडे पसरतो आणि गडद-फिकट यांतला फरक पुसट करतो. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर मुळातला फरकच इतका मोठा असतो, की तो थोडा पुसला गेला तरी अक्षर ओळखता येतं. राखाडी फरशीवरची राखाडी पायरी मात्र दिसेनाशी होते. हा फरक ओळखण्याची क्षमता मोजणारा पेली-रॉबसन तक्ता 1988 मध्ये आला. त्यात अक्षरांचा आकार शेवटपर्यंत तोच राहतो, फक्त ती टप्प्याटप्प्याने फिकट होत जातात. स्नेलेनच्या तक्त्यावर बऱ्यापैकी वाचणारे काही रुग्ण या तक्त्यावर लवकर अडखळतात.

मोतीबिंदू भिंगात नेमका कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. काहींना भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, बरोबर मधोमध गढूळपणा येतो. भर उन्हात बाहुली आकसते आणि प्रकाशाची वाट नेमकी त्या गढूळ ठिपक्यातूनच उरते. असा माणूस दवाखान्यातल्या मंद उजेडात बऱ्यापैकी अक्षरं वाचतो आणि बाहेर उन्हात आला की चाचपडतो. वाचतानाही बाहुली लहान होते, म्हणून त्याला जवळचंही त्रासाचं होतं. दुसऱ्या प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळसर होत जातो. त्यामुळे मायनस नंबर वाढतो आणि काही ज्येष्ठांना अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं. घरात आनंदीआनंद होतो, पण लांबचं हळूहळू धूसर होत असतं. दोघांच्याही कागदावर 6/12 असा एकच आकडा असू शकतो. त्यांचे त्रास मात्र अगदी निराळे असतात.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे कुणाला कशासाठी दिसायला हवं आहे. रात्रपाळी करून गाडी चालवत घरी येणाऱ्या माणसाचं 6/12 आणि दिवसभर घरात राहून रेडिओ ऐकणाऱ्या माणसाचं 6/12 सारखं नव्हे. पहिल्याला आज ऑपरेशन हवं असेल, दुसरा आणखी काही काळ निवांत थांबू शकेल. म्हणून डोळ्याबरोबर माणसालाही विचारावं लागतं.

प्रश्नावली कशी घडली

रुग्णाला विचारणं हे काही नवं नाही, चांगले डॉक्टर ते पूर्वीपासून करत आले आहेत. नवं आहे ते सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारणं आणि उत्तरांचा आकडा करणं. मोतीबिंदूच्या बाबतीत या कामाला 1990 च्या दशकात वेग आला. अमेरिकेत 1994 मध्ये व्हीएफ-14 ही 14 कामांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. बारीक अक्षरं वाचणं, पायऱ्या दिसणं, रस्त्यावरच्या पाट्या वाचणं, फॉर्म भरणं, स्वयंपाक करणं, टीव्ही बघणं, दिवसा आणि रात्री गाडी चालवणं, अशी ती कामं. प्रत्येकाला 'अजिबात अडचण नाही' याचे 4 गुण आणि 'दिसत नसल्याने करताच येत नाही' याचा 0. जी कामं माणूस दृष्टीखेरीज इतर कारणांमुळे करत नाही ती वगळायची, उरलेल्यांची सरासरी काढायची, तिला 25 ने गुणायचं. 0 ते 100 मधला एक आकडा मिळतो. या अभ्यासात ठळकपणे दिसलं ते असं, की 'एकंदर तुमच्या दृष्टीमुळे तुम्हाला किती त्रास आहे' याच्याशी या आकड्याचा संबंध तक्त्यावरच्या नजरेपेक्षा जास्त जवळचा होता.

स्वीडनमध्ये 1992 पासून मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिथले नेत्रतज्ज्ञ मॅट्स लुंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी कॅटक्वेस्ट नावाची प्रश्नावली तयार केली आणि 2009 मध्ये तिची आटोपशीर आवृत्ती आली, कॅटक्वेस्ट-9एसएफ. नावाप्रमाणे तीत 9 प्रश्न आहेत. दोन एकंदर दृष्टीबद्दलचे: रोजच्या आयुष्यात दृष्टीमुळे अडचण येते का, आणि आपल्या दृष्टीबद्दल समाधानी आहात का. उरलेले सात कामांचे: वर्तमानपत्रातला मजकूर, ओळखीचे चेहरे, खरेदी करताना किमती, खडबडीत जमिनीवर चालणं, बारीक हाताचं काम, टीव्हीवरची अक्षरं, आणि स्वतःचा आवडता छंद. ऑपरेशनआधी एकदा आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा एकदा ती भरून घेतात. आरोग्यसेवेचे परिणाम जगभर एकाच मापाने मोजावेत म्हणून काम करणाऱ्या इचॉम या संस्थेने मोतीबिंदूसाठी हीच प्रश्नावली सुचवली आहे. ब्रिटनमध्ये 2018 मध्ये त्याहूनही छोटी, फक्त पाच प्रश्नांची कॅट-प्रॉम5 प्रसिद्ध झाली.

याशिवाय एनईआय-व्हीएफक्यू-25 सारख्या प्रश्नावल्या आहेत. त्या मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे बिघडलेला पडदा अशा अनेक आजारांसाठी एकत्र बनवल्या गेल्या. त्यांत परावलंबित्व, काळजी, मनावरचा ताण यांबद्दलही विचारतात. संशोधनाला त्या उपयोगी पडतात. पण गर्दीच्या दवाखान्यात रोज वापरायला मला छोटी प्रश्नावली बरी वाटते. 25 प्रश्नांचा कागद शेवटच्या प्रश्नापर्यंत मन लावून भरायला धीर लागतो, आणि ज्याला नीट दिसत नाही त्याच्याकडून तर ही अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

'अडचण नाही' हे फसवं उत्तर

आता सगळ्यात नाजूक भाग. प्रश्नावलीत सर्वांत जास्त घोळ होतो तो 'अडचण नाही' या उत्तरात.

मोतीबिंदू वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. माणूस त्याच्याशी नकळत जुळवून घेतो. वाचताना दिवा जवळ ओढतो, टीव्हीच्या पुढ्यात खुर्ची सरकवतो, संध्याकाळनंतर बाहेर जाणं टाळू लागतो, सुईत दोरा ओवायचं काम घरातल्या कुणाला तरी सांगतो. रात्री गाडी चालवणं दोन वर्षांपूर्वीच सोडलेलं असतं. मग प्रश्न येतो, रात्री गाडी चालवताना अडचण येते का? तो प्रामाणिकपणे सांगतो, नाही, काही अडचण नाही. अडचण नाही, कारण ते कामच आता आयुष्यात उरलेलं नाही. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत 'इतर कारणांमुळे हे काम करत नाही' आणि 'दिसत नाही म्हणून करत नाही' अशी दोन वेगळी उत्तरं असतात. या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं गुणांमधून वगळायचं, दुसरं सर्वांत वाईट दृष्टीचं लक्षण म्हणून धरायचं. कागद भरून घेणाऱ्याने हा फरक समजावून सांगितला नाही, तर ज्याने आपलं निम्मं आयुष्य आवरतं घेतलंय त्याचे गुण सगळ्यात चांगले येतात.

याचीच दुसरी बाजू ऑपरेशननंतर दिसते. डोळ्यावरची पट्टी निघते आणि कित्येक जण म्हणतात, भिंतीचा रंग असा होता हे मी विसरूनच गेले होते. आता त्यांना विचारलं की ऑपरेशनआधी तुम्हाला किती त्रास होता, तर ते 'खूप' म्हणतील. आधीच्या कागदावर त्यांनीच 'थोडा' लिहिलेलं असतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मधल्या काळात 'चांगलं दिसणं' म्हणजे काय याची त्यांची फूटपट्टीच बदललेली असते. म्हणूनच आधीचं उत्तर आधीच लिहून घ्यावं लागतं. नंतर आठवून सांगितलेल्या त्रासाची तुलना आधी लिहिलेल्या त्रासाशी करता येत नाही, आणि अशी सरमिसळ केलेली फायद्याची आकडेवारी मी तरी विश्वासाने वाचणार नाही.

मनःस्थितीचाही परिणाम होतो. उदास माणसाला सगळंच अवघड वाटतं, त्यात दिसणंही आलं. गुडघे दुखणारा माणूस खडबडीत जमिनीवर चालायला अडचण येते असं सांगतो, तेव्हा त्यातली डोळ्यांमुळे किती आणि गुडघ्यांमुळे किती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसतं. म्हणून चांगली प्रश्नावली 'तुमच्या दृष्टीमुळे' हे शब्द पुनःपुन्हा लावते.

आकडे नुसते बेरजेत का घालू नयेत

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण तो टाळला तर प्रश्नावल्यांबद्दलचं बरंचसं कळतच नाही.

समजा 'अडचण नाही' ला 4, 'थोडी' ला 3, 'बरीच' ला 2 असे गुण दिले आणि सगळे मिळवले. यात आपण न सांगता दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, 'नाही' पासून 'थोडी' पर्यंतचं अंतर आणि 'थोडी' पासून 'बरीच' पर्यंतचं अंतर सारखंच आहे. दोन, चेहरा ओळखणं आणि सुईत दोरा ओवणं ही सारखीच अवघड कामं आहेत. दोन्ही गृहीतं चुकीची आहेत. हे म्हणजे ज्या पट्टीवरच्या खुणा कुठे दाटीने आणि कुठे लांब लांब आहेत, तिच्यावर खुणांची संख्या मोजून लांबी सांगण्यासारखं आहे. खुणांचा क्रम बरोबर असतो, अंतर मात्र चुकतं. आणि ऑपरेशनमुळे किती फरक पडला हे सांगायचं तर अंतरच लागतं.

डेन्मार्कचे गणितज्ज्ञ गेऑर्ग राश यांनी 1960 मध्ये यावर एक मार्ग मांडला. ते शाळेतल्या चाचण्यांच्या संदर्भात काम करत होते. त्यांची कल्पना अशी, की माणसाची क्षमता आणि प्रश्नाची अवघडता एकाच मोजपट्टीवर ठेवायची. क्षमता प्रश्नाच्या अवघडतेपेक्षा बरीच वर असेल तर तो प्रश्न जमण्याची शक्यता मोठी, दोन्ही जवळजवळ असतील तर निम्मी-निम्मी, क्षमता खाली असेल तर शक्यता कमी. शेकडो रुग्णांच्या उत्तरांवरून संगणक प्रत्येक प्रश्नाची आणि प्रत्येक माणसाची जागा शोधून काढतो. बारीक हाताचं काम पट्टीवर वर बसतं, चेहरा ओळखणं बरंच खाली. मग मिळणारे गुण खऱ्या अर्थाने अंतर सांगतात. पट्टीवर एक एकक पुढे सरकणं म्हणजे तळाशी असो वा माथ्याशी, सारखंच पुढे सरकणं.

याचा आणखी एक फायदा असा, की बिघडलेले प्रश्न उघडे पडतात. सगळ्यांनाच जमतं असं काम विचारण्यात अर्थ नसतो. ज्यांची क्षमता चांगली आहे तेच एखाद्या प्रश्नावर अडचण सांगतायत आणि कमी क्षमतेचे सांगत नाहीत, असं दिसलं तर तो प्रश्न दृष्टीशिवाय दुसरंच काहीतरी मोजत असतो. जुन्या प्रश्नावल्या या चाळणीतून घातल्यावर व्हीएफ-14 मधलेही काही प्रश्न गाळावे लागले. कॅटक्वेस्ट-9एसएफ घडली ती याच रीतीने.

काळाबरोबरही प्रश्नावली जुनी होते. पूर्वी मोतीबिंदू चांगला 'पिकेपर्यंत' थांबायची पद्धत होती. आता ऑपरेशन सुरक्षित झालं आहे, लोक लवकर येतात. तीस वर्षांपूर्वीच्या रुग्णांना जे अवघड वाटायचं, ते आजच्या कित्येक रुग्णांना ऑपरेशनआधीच जमत असतं. गुण आधीच माथ्याला टेकलेले असले तर सुधारणा दाखवायला पट्टीवर जागाच उरत नाही. माणूस सुधारतो, आकडा हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, फायदा झालाच नाही. खरं तर कमी पडते ती पट्टी.

ऑपरेशननंतरचे असमाधानी

मोतीबिंदूचं ऑपरेशन ही वैद्यकशास्त्रातली फार यशस्वी गोष्ट आहे. बहुतेकांचे गुण त्यानंतर ठळकपणे सुधारतात. तरीही प्रत्येक मोठ्या नोंदीत थोडे जण असे असतात, ज्यांची तक्त्यावरची नजर उत्तम आणि कागदावर मात्र 'पूर्वीपेक्षा अडचण वाढली'. मला प्रश्नावलीचा खरा उपयोग इथे वाटतो. ही माणसं तक्त्याला दिसतच नाहीत. कागदामुळे ती सापडतात, आणि मग कारण शोधता येतं.

एक नेहमीचं कारण पडद्याचं. वयोमानाने पडद्याच्या मध्यभागी झीज झाली असेल, तर भिंग कितीही स्वच्छ केलं तरी चेहरे आणि अक्षरं तितकी स्पष्ट होत नाहीत. हे आधी समजावून सांगितलेलं असेल तर अपेक्षाभंग कमी होतो.

दुसरं कारण ज्यांना आयुष्यभर मायनस नंबर होता त्यांचं. ही मंडळी चष्मा काढून पुस्तक नाकाजवळ धरून छान वाचत असत. ऑपरेशनमध्ये लांबचं चष्म्याशिवाय दिसेल अशी लेन्स बसवली जाते, आणि त्यांची वाचण्याची जन्माची सवय एका दिवसात जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने ऑपरेशन उत्तम, रुग्णाच्या दृष्टीने काहीतरी हिरावलं गेलं. ऑपरेशनआधीच्या कागदावर 'जवळचं वाचायला अडचण नाही, लांबचं दिसायला आहे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेव्हा ते वाचून हा विषय आधीच बोलता येतो. कोणती लेन्स, नजर कुठल्या अंतरासाठी ठेवायची, हे ठरवताना यासारखा दुसरा धागा नाही.

तिसरं, ज्यांना आधी फारसा त्रासच नव्हता. 'अडचण नाही' वरून सुधारणार काय? अशा माणसाचं ऑपरेशन करताना दोघांनीही दोनदा विचार करावा.

चौथं कारण दोन डोळ्यांमधल्या फरकाचं. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन नंबर जवळजवळ गेलेला, दुसऱ्याचा मोठा मायनस तसाच. दोन डोळ्यांतली चित्रं वेगवेगळ्या आकाराची दिसतात, मेंदूला ती जुळवता येत नाहीत, खोलीचा अंदाज चुकतो. तक्त्यावर प्रत्येक डोळा वेगळा तपासला की हे लपून राहतं. प्रश्नावली मात्र दोन्ही डोळ्यांनी जगणाऱ्या माणसाला विचारते, म्हणून 'पायऱ्या उतरताना अडचण' अशा उत्तरात ते उमटतं.

लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या बहुकेंद्री लेन्स बसवल्या असतील तर प्रश्नही वेगळे लागतात. दिव्यांभोवती वलयं, किरणं फुटल्यासारखी दिसणं, चकाकी. यासाठी 2010 मध्ये क्वॉलिटी ऑफ व्हिजन ही प्रश्नावली आली. तीत दहा लक्षणं आहेत, आणि प्रत्येकाबद्दल तीनदा विचारतात: किती वेळा, किती तीव्र, आणि किती छळतं. 'वलयं' म्हणजे नेमकं काय ते कळावं म्हणून सोबत छायाचित्रं दिलेली असतात. हे तीन भाग वेगळे ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. एखाद्याला वलयं रोज दिसतात पण त्याचं त्याला काही वाटत नाही, दुसऱ्याला क्वचितच दिसतात पण तो रात्री गाडी चालवतो.

तीन महिन्यांनी भरलेल्या कागदात सगळंच येत नाही, हेही खरं. नव्या लेन्समागचा पातळ पापुद्रा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकतो आणि लेझरने तो मोकळा करावा लागतो. डोळा कोरडा पडून चुरचुरत असेल तर दिसण्याबद्दलच्या प्रश्नांत त्याला जागाच नसते.

भाषांतर पुरत नाही

एका समाजासाठी लिहिलेले प्रश्न दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाहीत. जिथे बहुसंख्य ज्येष्ठ गाडी चालवत नाहीत तिथे गाडीचे प्रश्न रिकामे राहतात, जिथे अनेकांना वाचता येत नाही तिथे वर्तमानपत्राचे. भारतात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली इंडियन व्हिज्युअल फंक्शन क्वेश्चनेअर ही म्हणून दुसऱ्या टोकाकडून तयार झाली. आधी डोळ्यांचा आजार असलेल्या लोकांना बोलतं करून त्यांच्या अडचणी ऐकल्या आणि त्यांतून 33 प्रश्न बांधले: 21 रोजच्या कामांचे, 5 मनावर आणि माणसांतल्या वावरावर होणाऱ्या परिणामाचे, 7 डोळ्यांच्या लक्षणांचे. हा क्रम बरोबर आहे. आधी माणसं, मग प्रश्न.

दार म्हणून वापर

प्रश्नावलीचा एक गैरवापर होऊ शकतो आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. जिथे ऑपरेशनसाठी मोठी रांग असते, तिथे 'अमुक गुणांपेक्षा चांगलं असेल तर ऑपरेशन नाही' असा नियम करण्याचा मोह होतो. तक्त्याच्या नजरेवरून असे नियम अनेक ठिकाणी झालेही. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं, की केवळ तक्त्यावरच्या नजरेच्या आधारे मोतीबिंदूचं ऑपरेशन नाकारू नये. तीच चूक प्रश्नावलीच्या आकड्याने पुन्हा करू नये. गुणांवर ऑपरेशन मिळतं हे कळलं की लोक त्रास वाढवून सांगतात, जे वाढवून सांगत नाहीत ते मागे पडतात, आणि आकडा दोघांबद्दलही खोटं बोलू लागतो. रांगेत आधी कुणाला घ्यायचं याला तो मदत करू शकतो. एकट्या त्याच्या जोरावर दार बंद करणं अन्यायाचं आहे.

डॉक्टरांची एकमेकांशी तुलना करतानाही तेच. ज्याच्याकडे काचबिंदू आणि पडद्याचे आजार असलेले रुग्ण जास्त येतात, त्याच्या रुग्णांचे गुण कमीच सुधारणार. हे लक्षात न घेता यादी लावली, तर अवघड रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरलाच शिक्षा होते.

कागद भरताना

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हातात हा कागद आला, तर तो दोन्ही डोळ्यांनी, नेहमीचा चष्मा लावून जसं दिसतं त्याबद्दल आहे, एवढं आधी लक्षात घ्या, जोवर कागदावर वेगळं काही सांगितलेलं नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकायच्या आधीच तो मागून घ्या, नंतर जवळचं वाचता येत नाही. अक्षरं लहान असतील तर मोठ्या अक्षरांतला कागद मागायला संकोच करू नका, दृष्टीबद्दलचा कागद वाचता येत नसणं हीच एक माहिती आहे.

मुला-सुनेने शेजारी बसून परस्पर उत्तरं देऊ नयेत. 'आईला सगळं दिसतं हो' किंवा 'बाबांना काहीच दिसत नाही' ही दोन्ही उत्तरं आई-बाबांची नसतात. वाचून दाखवावं, खूण करायला मदत करावी, उत्तर मात्र ज्याचे डोळे त्याचं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच समोर बसून 'आता कसं दिसतंय?' विचारलं, तर बहुतेक माणसं कृतज्ञतेपोटी 'छान' म्हणतात. म्हणून ऑपरेशननंतरचा कागद उपचार न करणाऱ्या कुणीतरी भरून घेतलेला बरा, किंवा घरी बसून भरलेला. आणि तो नवा चष्मा मिळून त्याची सवय झाल्यावर भरावा. चष्म्याआधी भरलेल्या उत्तरांत ऑपरेशनचा दोष कुठला आणि राहिलेल्या नंबरचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी स्वतःला एक उपप्रश्न विचारा: हे काम मी अजून करतो का, आणि करत नसेन तर का सोडलं? तुमच्यासाठी महत्त्वाचं असलेलं एखादं काम यादीत नसेल, हार्मोनियमवरची स्वरलिपी वाचणं असो की नातवंडाचं नख काढणं, तर ते समासात लिहा. गुणांमध्ये ते धरलं जाणार नाही, पण लेन्स निवडताना डॉक्टरांच्या ते कामी येतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दुसऱ्याचा विचार सुरू झाला, तर जुनाच कागद पुढे चालवू देऊ नका. पहिल्या डोळ्यानंतर त्रासाचं स्वरूप पार बदललेलं असतं. कधी तो इतका कमी झालेला असतो की दुसऱ्याची घाई नसते, तर कधी दोन डोळ्यांतल्या फरकामुळे दुसरा लवकर करणंच सोयीचं ठरतं. यांतलं तुमचं कुठलं, हे नव्याने भरलेल्या कागदावरूनच कळतं.